फुटपाथावरचं सायगॉन

सायगॉनच्या फुटपाथावर चालण्याखेरीज बाकी सगळ्या कामांना जागा आहे. उजाडता उजाडता तिथे भाताची पातेली आणि कोळशाच्या शेगड्या मांडल्या जातात. थोड्या वेळाने कॉफीवाली येते आणि तिच्याबरोबर गुडघ्याएवढ्या उंचीची प्लास्टिकची स्टुलं. भिंतीला आरसा टांगून न्हावी बसतो. किल्ल्या करून देणारा, पंक्चरवाला, लॉटरीची तिकिटं विकणारी म्हातारी, दुचाकीवरच आडवा होऊन झोपलेला डिलिव्हरीवाला, असे सगळे आपापल्या वेळी आपापल्या फरशीवर हजर होतात. उरलेल्या जागेत दुचाक्या उभ्या. चालणाऱ्याने खाली उतरावं आणि गाड्यांना सांभाळत कडेकडेने जावं, असं जणू ठरूनच गेलेलं आहे. तरीही हे शहर बघायचं तर पायीच, आणि फुटपाथ धरूनच बघावं, असं माझं ठाम मत आहे.

मुंबईहून ऑस्ट्रेलियाला मुलाबाळांकडे किंवा जपान-कोरियाला जाताना व्हाया सायगॉनचं, म्हणजे कागदोपत्री व्हिएतनामच्या हो चि मिन्ह सिटीचं, तिकीट बऱ्याचदा स्वस्त पडतं. त्या स्वस्ताईची वसुली मधल्या थांब्यात होते. रात्री मुंबईत बसलेला माणूस पहाटे तान सन न्यात विमानतळावर उतरतो आणि पुढचं विमान थेट रात्री असतं. अनेक जण हा अख्खा दिवस खुर्चीवर मान वाकडी करून झोपण्यात काढतात. विमानतळ मात्र शहराच्या पोटातच आहे, मध्यवस्तीपासून जेमतेम सात किलोमीटरवर. सामान ठेवायची सोय आहे, शहर बस आहे, घड्याळ आपल्यापेक्षा दीडच तास पुढे आहे, त्यामुळे झोपेचाही फार खोळंबा होत नाही. मी बॅग ठेवली आणि बाहेर पडले. जूनचे दिवस होते, तिथला पावसाळा सुरू झाला होता.

विमानतळावरून शहरात येणाऱ्या रस्त्याला न्गुयेन वान त्रोईचं नाव आहे. हा एक तरुण इलेक्ट्रिशियन. अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नामारा १९६४च्या मे महिन्यात याच वाटेने जाणार होते, तेव्हा इथल्या पुलाखाली सुरुंग पेरण्याच्या प्रयत्नात तो पकडला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या. पुढे तोच रस्ता ‘नाम की खोई न्गिया’ होतो, म्हणजे दक्षिणेतल्या १९४०च्या उठावाचं नाव घेतो, आणि जुन्या राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यासमोर येतो. बसच्या खिडकीतून या शहराच्या पाट्या वाचत गेलं तरी निम्मा इतिहास होतो. जिंकणाऱ्यांनी लिहिलेला, हे लक्षात ठेवून वाचायचा.

मी ताओ दान बागेपाशी उतरले. साडेसहाही वाजले नव्हते आणि बाग भरलेली होती. बायकांचा एक गट स्पीकरवर गाणी लावून कवायत करत होता, पुरुष पायाने शटलकॉक उडवत होते, आणि त्यातल्या सत्तरीच्या एका आजोबांचा टाच मागे वळवून मारलेला फटका पाहून मी जागची हलले नाही. वर पाहिलं तर झाडं सहासात मजली उंच. ही ‘झाऊ’ची झाडं, आपल्याकडच्या सालाच्या कुळातली. त्यांच्या बीला दोन पंख असतात. पावसाच्या तोंडावर वारा सुटला की बिया भिरभिरत खाली येतात आणि शाळेची पोरं त्या वेचून पुन्हा हवेत उडवतात. फ्रेंचांनी १८६०च्या दशकात इथे वनस्पती उद्यान काढलं. त्याचा पहिला संचालक लुई पिएर, त्याआधी कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये काम केलेला माणूस. रस्त्यांवर रांगेने झाडं लावण्याची शिस्त त्या काळातली, आणि त्यांत आपली चिंचही आहे. चिंचेच्या बारीक पानांची पखरण असलेल्या रस्त्यांवर सायगॉनची माणसं हळवी होतात. अर्थात मेट्रो आणि पुलांसाठी मध्यवस्तीतली कित्येक जुनी झाडं गेल्या दहा-बारा वर्षांत कापली गेली. तेवढ्यापुरतं मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

न्याहारी ‘कम ताम’ची. म्हणजे तांदळाच्या कण्या. भात कांडताना तुटलेला तांदूळ पूर्वी विकला जात नसे, तो शेतकऱ्याने आणि हमालाने शिजवून खायचा. आज तेच या शहराचं मिरवायचं खाणं झालं आहे. कण्यांवर कोळशावर भाजलेला डुकराच्या मांसाचा तुकडा, एक तळलेलं अंडं, काकडी, वरून कांद्याच्या पातीचं तेल आणि वाटीभर गोडसर मासळीचं पाणी. मांसाचा धूर रस्ताभर पसरतो आणि तीच दुकानाची जाहिरात. शाकाहाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही. इथल्या बौद्ध घरांत चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला शाकाहार पाळतात, त्यामुळे शाकाहारी खानावळी गल्लोगल्ली आहेत. नेहमीच्या हॉटेलात मात्र ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. मासळीचं पाणी तिथे आपल्या मिठासारखं सगळ्यात असतं.

कण्या खाऊन मी पहिल्या दिसलेल्या गल्लीत शिरले. सायगॉनची बहुतेक वस्ती मोठ्या रस्त्यांवर नाहीच, ती या ‘हेम’मध्ये आहे. पत्ता वाचायला शिकलं की गल्ली समजते. १५/७/३ असा क्रमांक असेल तर मोठ्या रस्त्यावरच्या पंधरा नंबरपाशी आत वळायचं, मग सातव्याला पुन्हा वळायचं, तिथलं तिसरं घर. तिरप्या रेघा जितक्या जास्त तितकं घर आत, आणि बहुधा तितकंच लहान. घरांचे दर्शनी भाग जेमतेम तीन-चार मीटरचे आणि माळे चार-पाच. तळमजल्याचं दार सताड उघडं, आत जमिनीलगत एक लाल दिव्याचं देवघर, त्यात भूमिदेवता आणि धनदेवता, पुढे केळी, पाण्याची पाच पेलकी, आणि एका ठिकाणी चक्क कॉफीचा कप आणि पेटवलेली सिगारेट. देवाला आवडतं म्हणे. देवघराला टेकून स्कूटर, स्कूटरला टेकून सायकल, आणि त्या अलीकडे भाजी निवडत बसलेली आजी. घर कुठे संपतं आणि गल्ली कुठे सुरू होते हे सांगता येत नाही. परक्या बाईने आत डोकावल्याचं कुणाला काही वाटलं नाही. उलट एका मुलीने चुकून वाट बंद असलेल्या टोकाला पोचलेल्या मला हाताने खूण करून मागे वळवलं.

गल्लीच्या तोंडाशी कॉफीवाली होती. पन्नाशीची असेल. एक हातगाडी, एक बर्फाची पेटी, आधीच उकळून बाटल्यांत भरलेली काळी कॉफी. ग्लासाच्या तळाला बोटभर आटवलेलं गोड दूध, त्यावर कॉफी, त्यावर बर्फ. फ्रेंच मिशनऱ्यांनी आणलेलं हे पीक आज व्हिएतनामला ब्राझीलखालोखाल जगातला दुसरा मोठा कॉफी उत्पादक करून बसलं आहे, आणि रोबुस्टा जातीत तर पहिला. ताजं दूध त्या हवेत टिकायचं नाही म्हणून डब्यातलं दूध आलं आणि तेच चवीचं होऊन बसलं. कॉफीबरोबर न मागता गार चहाचा ग्लास येतो, फुकट, आणि संपला की पुन्हा भरला जातो. तिने फोनवरच्या भाषांतराच्या सोयीतून मला पहिलाच प्रश्न विचारला तो वयाचा. उद्धटपणा नव्हता. तिथे समोरच्याचं वय कळल्याशिवाय त्याला हाक काय मारायची तेच ठरत नाही. मी तिच्याहून मोठी निघाले, तेव्हा ती हसली आणि माझं स्टूल सावलीत सरकवलं.

तिची स्टुलं मी मोजली नाहीत, पण ती कशी ठेवते ते पाहिलं. गिऱ्हाईक उठलं की लगेच स्टूल उचलून एकात एक. कधीही सगळी मांडलेली नसतात. वॉर्डातली माणसं फिरतीवर आली तर एका खेपेत सगळी थप्पी गल्लीत नेता यावी, हा हिशोब. हे तिने फोनवर सांगितलं आणि हातांनी करूनही दाखवलं.

या फुटपाथाचं राजकारण मोठं आहे. २०१७ साली तेव्हाच्या जिल्हा क्रमांक एकचे उपाध्यक्ष दोआन न्गोक हाई यांनी फुटपाथ मोकळे करण्याची मोहीम काढली. स्वतः रस्त्यावर उतरून त्यांनी पायऱ्या, पत्रे, चौक्या तोडायला लावल्या, सरकारी गाड्याही उचलल्या. मध्यवस्तीचं छोटं सिंगापूर करायचं आणि नाही जमलं तर पद सोडायचं, अशी त्यांची भाषा होती. वर्तमानपत्रांना रोज मथळा मिळाला. हातगाड्या संध्याकाळी जायच्या आणि सकाळी परत यायच्या. पुढच्या जानेवारीत हाईंनी राजीनाम्याचं पत्र दिलं. मग महापालिकेने दुसरा मार्ग धरला. १ जानेवारी २०२४ पासून फुटपाथ वापरण्याचं चौरस मीटरवर मासिक भाडं घ्यायला सुरुवात झाली, अट अशी की चालणाऱ्यांसाठी दीड मीटर मोकळं राहिलंच पाहिजे. काही रस्त्यांवर त्यासाठी फरशीवर रेघ मारलेली दिसते. रेघेच्या आत टेबलं, बाहेर माणसं. रेघ पाळली जाते का? मोठ्या रस्त्यांवर बरीचशी. गल्लीच्या तोंडाशी नाही. माझ्या कॉफीवालीसारख्या बाईला हे भाडं लागूच होत नाही, कारण तिच्या फरशीला दीड मीटर सोडून काही उरतच नाही. ती बेकायदाच राहणार. आपल्याकडे फेरीवाल्यांचा कायदा २०१४ साली झाला आणि मुंबईत दादर-कुर्ल्याचा वाद अजून तिथेच आहे. तेव्हा सायगॉनने निदान भाव ठरवला आणि रेघ मारली, याला मी कमी लेखणार नाही.

आता रस्ता ओलांडणं. जुन्या शहरहद्दीतच सत्तर लाखांहून जास्त दुचाक्या. नवखा माणूस कडेला उभा राहून खंड पडायची वाट बघतो आणि खंड पडत नाही. वारीच्या वाटेवर आडवं जाणाऱ्यासारखं इथे जावं लागतं, ओघ थांबवायचा नाही, त्यातूनच वाट काढायची. येणारा प्रत्येक जण तुमची चाल बघून तुम्ही दोन सेकंदांनी कुठे असाल याचा अंदाज बांधत असतो आणि त्याप्रमाणे पुढून किंवा मागून जातो. म्हणून चाल एकसारखी हवी. धावलात, थबकलात किंवा मागे फिरलात तर त्याचा हिशोब चुकतो. हा करार फक्त दुचाक्यांशी. मोटार आणि बस आली तर गुपचूप थांबायचं. २०२५च्या जानेवारीपासून मात्र चित्र पालटलं आहे. दुचाकीने सिग्नल तोडला किंवा गाडी फुटपाथावर घातली तर दंड ४० ते ६० लाख डाँग, म्हणजे आपले तेरा ते वीस हजार रुपये. पूर्वीच्या कित्येक पट. आता लाल दिव्याला पांढऱ्या पट्ट्याच्या मागे शेकडो हेल्मेटं शिस्तीत उभी दिसतात. संस्कृतीत नियम नाहीत, लोकांना सवयच नाही वगैरे बोलणारे सगळे या एका दंडाने गप्प झाले.

टपाल कार्यालय, कॅथीड्रल, ऑपेरा हाऊस यांवर फार वेळ घालवू नये. कॅथीड्रल १८८०चं, २०१७ पासून दुरुस्तीत, सध्या परांच्यांच्या मागे. १८९१चं टपाल कार्यालय छान आहे, आत भिंतीवर दोन जुने रंगवलेले नकाशे आहेत, तेवढे पाहावेत. ते आयफेल टॉवरवाल्या गुस्ताव आयफेलने बांधलं असं गाईड सांगतात. त्याने नाही, अल्फ्रेद फुलू या सरकारी वास्तुकाराने. आणि १९७५च्या एप्रिलात सायगॉन पडताना गच्चीवरच्या हेलिकॉप्टरकडे शिडीने चढणाऱ्या माणसांचा तो जगप्रसिद्ध फोटो अमेरिकन वकिलातीचा नाही. ती गच्ची इथून हाकेच्या अंतरावर, ली तू त्रोंग रस्त्यावर २२ क्रमांकाच्या इमारतीची.

माझे पाय रेंगाळले ते पास्तर रस्त्यावर. वसाहतीच्या खुणा पुसून काढलेल्या या शहरात पास्तर, काल्मेत आणि येर्साँ ही तीन फ्रेंच नावं आजही रस्त्यांना आहेत. तिघंही रोगजंतूंचे अभ्यासक. पॅरिसबाहेरची पहिली पास्तर इन्स्टिट्यूट १८९१ साली आल्बेर काल्मेतने इथे सायगॉनला काढली. अलेक्सांद्र येर्साँने १८९४ साली हाँगकाँगच्या साथीत प्लेगचा जंतू ओळखला. आज त्या जंतूच्या शास्त्रीय नावातही येर्साँ आहे. आपल्याला हा माणूस परका असू नये. मुंबईत प्लेग पसरला तेव्हा १८९७च्या मार्चमध्ये तो आपली लस, खरं तर सीरम, घेऊन मुंबईत आला होता. त्याच वर्षी हाफकिनची लस मुंबईत तयार झाली आणि त्याच जूनमध्ये पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. येर्साँच्या सीरमला म्हणावं तसं यश आलं नाही. त्याच्या जागी पॉल-लुई सिमोंद आला. त्याने १८९८ साली, तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या कराचीत, उंदराच्या अंगावरची पिसू प्लेग पसरवते हे दाखवून दिलं. कित्येक वर्षं कुणी विश्वास ठेवला नाही. त्यानंतर सिमोंदची नेमणूक झाली ती याच सायगॉनच्या संस्थेत. आमच्या घरांत ‘प्लेगात गेले’ असं ज्यांच्याबद्दल नुसतं ओझरतं बोललं जातं, त्यांच्या मरणाचं कारण शोधणारी माणसं या संस्थेत काम करून गेली. मी फाटकापाशी बराच वेळ उभी होते. पहारेकऱ्याने दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा हाताने ‘पुढे चला’ केलं.

दुपारचं ऊन चढलं की युद्ध अवशेष संग्रहालय. हे सप्टेंबर १९७५ मध्ये उघडलं तेव्हा त्याच्या नावातच अमेरिका आणि तिच्या बाहुल्यांचे गुन्हे होते. अमेरिकेशी संबंध जुळले त्या १९९५ साली आजचं सौम्य नाव आलं. दारातली विमानं आणि रणगाडे सोडून सरळ वरच्या मजल्यावर जावं. तिथे ‘रेक्विएम’ नावाचं दालन आहे, इंडोचायनाच्या युद्धांत मरण पावलेल्या, दोन्ही बाजूंच्या छायाचित्रकारांनी टिपलेल्या फोटोंचं. टिम पेज आणि हॉर्स्ट फास यांनी ते जमवलं. १९५४ मध्ये सुरुंगावर पाय पडून गेलेला रॉबर्ट कापा, १९७१ मध्ये लाओसवर हेलिकॉप्टरसह कोसळलेले लॅरी बरोज आणि आंरी ह्युए, आणि त्यांच्या शेजारी उत्तर व्हिएतनामचे कितीतरी तरुण, ज्यांच्या फोटोंहून त्यांची नावंच जास्त उरली आहेत. खालच्या मजल्यावर एजंट ऑरेंज या युद्धात फवारलेल्या विषाचं दालन आहे. तिथलं वर्णन मी करणार नाही, ते पाहायलाच हवं. एवढं मात्र नोंदवते की १९७५ नंतरच्या सुधार छावण्या आणि होड्यांतून समुद्रावर निघून गेलेले लाखो लोक या संग्रहालयात मला कुठे भेटले नाहीत.

जाता जाता आपल्या व्हॉट्सअ‍ॅपविषयी. व्हिएतनामच्या नेत्याने शिवाजी महाराजांचं चरित्र वाचून अमेरिकेला हरवलं, मग त्यांच्या मंत्र्याने रायगडावरची माती नेली, हा मजकूर दर शिवजयंतीला फिरतो. हो चि मिन्ह १९५८ साली भारतात येऊन गेले हे खरं आहे. पण मूळ मजकुराला आधार देणारं एकही भाषण वा कागद माझ्या वाचनात आलेला नाही, आणि महाराजांची थोरवी परदेशी प्रमाणपत्रावर अवलंबून नाही. तो पुढे पाठवणं बंद करावं.

म्युझियममधून निघाले आणि पाऊस कोसळला. मिनिटभरात सगळ्या दुचाक्या कडेला, सीटखालून रेनकोट बाहेर, आणि ओघ पुन्हा सुरू. हे रेनकोट खास दुचाकीचे असतात. पुढचा घोळ हँडलवरून खाली येतो आणि दिव्यासमोर पारदर्शक प्लास्टिकची खिडकी असते. काहींना दोन डोकी असतात, चालवणाऱ्याचं आणि मागच्याचं. मी आडोशाला शिरले ते त्रूओंग दिन्ह रस्त्यावरच्या मारिअम्मन देवळात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तमिळ व्यापाऱ्यांनी बांधलेलं. फ्रेंच अमलात चेट्टियार सावकार आणि पाँडिचेरीचे कारकून, पोलीस इथे बऱ्याच संख्येने होते. १९७५ नंतर बहुतेक निघून गेले, देवी राहिली. आता तिच्यापुढे उदबत्त्यांचे जुडगे घेऊन उभ्या असतात त्या व्हिएतनामी आणि चिनी बायका. गाभाऱ्यामागच्या दगडी भिंतीला कपाळ टेकून त्या नवस पुटपुटतात. शेजारी एक तरुण मुलगी हेल्मेट काखेत धरून तेच करत होती, परीक्षेचं असावं.

संध्याकाळी न्गुयेन हुए या मोकळ्या रस्त्यावर सारं शहर हवा खायला येतं. मुळात हा कालवा होता, १८८७ साली बुजवला, २०१५ साली पादचाऱ्यांना दिला. तिथून बेन थान बाजार जवळच आहे, आणि त्याच्यासमोर २२ डिसेंबर २०२४ रोजी सुरू झालेल्या पहिल्या मेट्रोचं स्थानक. १९.७ किलोमीटरची मार्गिका बांधायला बारा वर्षं लागली. चकचकीत स्थानकातून वर आलं की दारातच कणसं भाजणारी बसलेली, तिच्यापुढे चार स्टुलं. २०२५च्या जुलैत शेजारचे दोन प्रांत जोडून शहराची लोकसंख्या एक कोटी चाळीस लाख झाली, जिल्हे रद्द झाले, आणि मध्यवस्तीतल्या एका प्रभागाला अधिकृतपणे सायगॉन हे नाव परत मिळालं. कणसंवालीच्या फरशीत त्याने काही फरक पडल्याचं दिसलं नाही.

कुणी जाणार असेल तर एवढं लक्षात ठेवावं. विमानतळाबाहेर पाऊल टाकायला भारतीयांना व्हिसा लागतो. ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावर पंचवीस डॉलरमध्ये मिळतो, नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं भरावं आणि मुंबईतून निघण्याआधी आठवडाभर तरी हातात असू द्यावा. थांबा आठ तासांहून कमी असेल तर बाहेर पडण्याच्या भानगडीत पडू नये. पुढच्या विमानाआधी तीन तास परत पोचावं, कारण संध्याकाळी ते सात किलोमीटर तासाभराचे होतात. वीस हजारांची आणि पाच लाखांची नोट, दोन्ही निळ्या असतात. पैसे देताना शून्यं मोजून द्यावीत.